माळावरचा मळा : हेलन स्ट्युअर्ट प्रकल्पाच्या नोंदी

२ जून २०२५

आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने यंदाच्या भित्तिप्रदर्शनासाठी ‘वाळवंटातील वसाहत आणि स्त्री’ हा विषय घेतला असून त्यासाठी बारा फलक आणि मातीची एक प्रतिकृती करण्याचे आज ठरले. विद्यार्थ्यांनी अनेक नावे सुचवली होती. मी हेलन स्ट्युअर्ट हिचा आग्रह धरला, कारण एका निर्जल प्रदेशातल्या पाण्याच्या जागेवर वीस वर्षे संसार आणि कारभार दोन्ही चालवलेल्या या बाईचे आयुष्य माणदेशातल्या मुलांना चटकन समजेल असे मला वाटते. ती १८८२ ते १९०२ या काळात अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील लास व्हेगास येथे होती. त्या वेळी तेथे शहर नव्हते. एक झरा, एक ओढा, मातीच्या जुन्या भिंती आणि गुरे एवढेच होते.

पहिला प्रश्न शब्दाचा आला. गुरे पाळण्याच्या मोठ्या जमिनीला अमेरिकेत म्हणतात तो ‘रँच’ हा शब्द तसाच ठेवावा असे काहींचे म्हणणे होते. मी ‘मळा’ सुचवला. आपल्याकडे माळ म्हणजे कोरडी, उघडी जमीन आणि मळा म्हणजे हक्काच्या पाण्याखालची जमीन. लास व्हेगासची जागा नेमकी तशीच होती, चहूबाजूंनी माळ आणि मध्ये मळा. त्या स्पॅनिश नावाचा अर्थही ‘कुरणे’ असाच होतो. सर्व फलकांवर ‘मळा’ हाच शब्द राहील.

९ जून

पहिल्या दोन फलकांची माहिती जुळवली. हेलन जेन वायझर हिचा जन्म १६ एप्रिल १८५४ रोजी इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे झाला आणि तिच्या लहानपणीच कुटुंब पश्चिमेला कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या परिसरात स्थायिक झाले. १८७३ मध्ये, एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास, तिचे लग्न आर्चिबाल्ड स्ट्युअर्ट याच्याशी झाले. तो वयाने बराच मोठा होता आणि मालवाहतुकीच्या गाड्या व गुरे असा त्याचा व्यवसाय होता. लग्नानंतर दोघे नेवाडातील पिओच या खाणगावाच्या भागात राहू लागले.

मळा त्यांच्याकडे कसा आला, ही हकिगत विद्यार्थ्यांना मुद्दाम सविस्तर सांगितली, कारण ती ऐकताना वर्गातल्या प्रत्येकाला आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातले काहीतरी आठवले. ऑक्टेव्हियस डेकेटर गॅस हा मळ्याचा आधीचा मालक. त्याने १८७९ मध्ये आर्चिबाल्डकडून पाच हजार डॉलर सोन्याच्या रूपात कर्जाऊ घेतले, ते दरमहा शेकडा अडीच व्याजाने आणि मळा गहाण ठेवून. म्हणजे वर्षाला दीड हजार डॉलर नुसते व्याज. गॅसला ते फेडता आले नाही आणि १८८१ मध्ये मळा सावकाराच्या, म्हणजे स्ट्युअर्टच्या, ताब्यात गेला. वसाहतीच्या कथा धाडसाच्या म्हणून सांगितल्या जातात, पण येथे सुरुवातीला गहाणखत आहे. ही गोष्ट दुसऱ्या फलकावर पहिल्याच वाक्यात येईल, खाली बारीक अक्षरांत नाही.

२१ जून

तिसऱ्या फलकाचा विषय पाणी आहे. लास व्हेगासचा वर्षाचा पाऊस सरासरी सुमारे १०० मिलिमीटर आहे आणि ज्या माणदेशाला आपण दुष्काळी म्हणतो तेथे त्याच्या चार-पाच पट पाऊस पडतो. हे दोन आकडे शेजारी मांडल्यावर वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. उन्हाळ्यात तेथील तापमान चाळीस अंशांच्या वर सहज जाते. अशा जागी जमिनीतून आपोआप उसळणारे झरे होते आणि त्यांचा ओढा बारमाही वाहत होता, म्हणूनच त्या प्रदेशातले मूळ रहिवासी पायूट लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या येत-राहत होते, म्हणूनच न्यू मेक्सिको आणि कॅलिफोर्निया यांना जोडणारी जुनी स्पॅनिश वाट तेथून गेली आणि म्हणूनच १८५५ मध्ये विल्यम ब्रिंगहर्स्ट याच्या नेतृत्वाखाली आलेल्या, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या तीस धर्मप्रसारकांनी ओढ्याकाठी मातीचा किल्ला बांधला. तो किल्ला त्यांनी १८५७ मध्ये सोडला. गॅसने त्याच्याच अवशेषांच्या आधाराने आपले घर उभारले आणि पुढे त्याच घरात हेलन आली.

१८८२ च्या वसंत ऋतूत ती आली तेव्हा तीन मुले बरोबर होती आणि चौथे पोटात होते. येण्याला तिचे मन तयार नव्हते आणि मुक्काम थोड्याच काळाचा आहे, अशी नवऱ्याची समजूत होती. त्याच वर्षी मुलगी झाली आणि तिचे नाव इव्हालीन ला व्हेगा असे ठेवले. जिथे राहायचे नव्हते त्या जागेचे नाव मुलीला दिले गेले, याबद्दल तर्क करण्याचा मोह झाला होता, परंतु फलकावर फक्त नाव आणि वर्ष लिहावे असे मी सांगितले आहे.

मळ्यात फळझाडे, द्राक्षवेली, भाजीपाला आणि गुरे होती. कोलोरॅडो नदीकाठच्या एल डोराडो कॅन्यनमधील खाणकामगारांना मांस, भाजी आणि फळे विकणे हे उत्पन्नाचे मुख्य साधन होते आणि वाटेने जाणारे प्रवासीही मळ्यावर उतरत.

एका विद्यार्थिनीने विचारले की ओढ्याच्या पलीकडे काय उगवत असे. उत्तर सर्वांच्या ओळखीचे निघाले. तेथील मेस्किट हे झाड आपल्या वेड्या बाभळीच्या कुळातले आहे. आपल्या बांधांवर पसरलेली वेडी बाभूळ मुळात अमेरिका खंडातूनच आली. आपण तिला सरपणापलीकडे किंमत देत नाही. पायूट लोक मात्र मेस्किटच्या शेंगा कुटून पीठ करत आणि ते पुढच्या दिवसांसाठी ठेवत.

५ जुलै

प्रतिकृतीला सुरुवात झाली. मूळ किल्ल्याची प्रत्येक बाजू १५० फूट आणि भिंत १४ फूट उंच होती. पन्नासास एक या प्रमाणात बाजू सुमारे ९१ सेंटिमीटर आणि भिंत साडेआठ सेंटिमीटर होते. हेलनच्या काळात किल्ल्याचा पुष्कळ भाग पडलेला असल्यामुळे आम्ही पूर्ण चौक न बांधता एका बाजूच्या खोल्या, त्यांना लागून घर आणि समोरून जाणारा ओढा एवढेच करणार आहोत.

मागच्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी शेतातली काळी माती आणून तिच्या छोट्या कच्च्या विटा पाडल्या होत्या. चार दिवसांत बहुतेक विटांना चिरा पडल्या आणि रचलेली भिंत मधोमध उकलली. सर्वांचा हिरमोड झाला. शेवटी एका विद्यार्थ्याची आजी, जिने आयुष्यभर माळवदाच्या घरात राहून स्वतःच्या हातांनी भिंती लिंपल्या आहेत, ती महाविद्यालयात आली. तिने वीट हातात घेतली, कडेचा तुकडा मोडून दोन बोटांत चुरगळला, थुंकी लावून पुन्हा मळला आणि म्हणाली, “बाई, काळ्या मातीची भिंत कुनी घालतं का? ही पानी पिऊन फुगती आन्‌ वाळली की फुटती. गावठानातली पांढरी आना, भुसकाट मिसळा आन्‌ दोन दिस मुरू द्या.” त्याप्रमाणे पांढरी माती आणली, गव्हाचे भुसकट कालवले, ढिगावर ओले पोते टाकून दोन दिवस मुरवले आणि आज पाडलेल्या विटा संध्याकाळपर्यंत एकसंध राहिल्या आहेत. त्यांच्या कडा हाताला खरखरीत लागतात आणि तुटलेल्या विटेत भुसकटाच्या काड्या चमकतात.

लास व्हेगासच्या त्या भिंतीही उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्याच होत्या. त्यांतली एक इमारत अजून उभी असून ती नेवाडातील, मूळ रहिवाशांच्या बांधकामांव्यतिरिक्तची, सर्वांत जुनी इमारत मानली जाते.

१३ जुलै

आजच्या तारखेला, १८८४ मध्ये, हेलनचा नवरा मारला गेला. सहावा फलक याच प्रसंगाचा आहे आणि मी तो स्वतः लिहायला घेतला.

आर्चिबाल्ड कामासाठी बाहेर गेलेला असताना स्कायलर हेन्री नावाच्या गड्याने काम सोडले आणि जाताना हेलनशी अपमानास्पद भाषा केली. परत आल्यावर ते कळताच आर्चिबाल्ड बंदूक घेऊन शेजारच्या कॉनरॅड काइल याच्या मळ्यावर गेला, कारण हेन्री तेथे होता. तेथे गोळीबार झाला आणि आर्चिबाल्ड ठार झाला. काइलने हेलनला चिठ्ठी पाठवली. गाडी पाठवून नवऱ्याला घेऊन जावे, तो मेला आहे, एवढाच त्या चिठ्ठीचा आशय होता आणि त्यात तिचे आडनावही धड लिहिलेले नव्हते.

ती तीस वर्षांची होती, पदरात चार मुले होती आणि पाचवे पोटात होते. जुलै महिन्यात त्या प्रदेशात मृतदेह ठेवता येत नाही आणि शवपेटीसाठी फळ्या कोठून आणणार, कारण ओढ्याकाठी इमारती लाकूड नव्हते. तेव्हा घराची दारे काढली आणि त्यांची पेटी केली. ही गोष्ट वाचल्यापासून ती माझ्या मनातून जात नाही. त्या रात्री, ज्या घरातला माणूस बंदुकीने मारला गेला होता त्या घराच्या चौकटी उघड्या होत्या आणि आत मुले झोपली होती. प्रतिकृतीतील घराच्या दोन चौकटींना दारे बसवायची नाहीत, असे आज ठरवले. त्यासाठी वेगळी चिठ्ठी लावणार नाही. फलक वाचून वळणाऱ्याला ते आपोआप दिसेल.

पिओच येथील चौकशीत पंचांनी हेन्री किंवा काइल यांच्यावर खटला भरण्याइतका पुरावा नाही असे ठरवले. त्यानंतरही काइलचा मळा शेजारीच राहिला. नवऱ्याच्या मृत्यूशी जोडलेल्या माणसांच्या शेजारात पुढची वर्षे काढायची, हा भाग कथेत सहसा एका ओळीत उरकला जातो, पण मला तो गोळीबाराइतकाच भारी वाटतो.

२६ जुलै

सातव्या आणि आठव्या फलकांवर सर्वाधिक वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. गोळीबार आणि शवपेटी यांची चित्रे काढायला विद्यार्थी उत्सुक असतात. वारसाहक्काची कागदपत्रे मात्र कोणाला काढावीशी वाटत नाहीत. परंतु हेलनचे खरे आयुष्य त्या कागदांत आहे असे माझे ठाम मत झाले आहे.

आर्चिबाल्डने मृत्युपत्र केले नव्हते. त्यामुळे मळ्यावरचा हक्क न्यायालयातून सिद्ध करावा लागला आणि न्यायालय पिओचला, म्हणजे कच्च्या वाटेने पावणेतीनशे किलोमीटरहून दूर होते. निम्मा हिस्सा तिचा आणि उरलेला मुलांचा असा निवाडा झाला. आपल्याकडच्या ज्या बायकांनी नवऱ्यामागे सात-बारावर नाव लावण्यासाठी तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. १८८५ च्या जानेवारीत पाचवे मूल, मुलगा, जन्मला आणि त्याला बापाचेच नाव दिले.

तिला मळा विकून निघून जायचे होते. यात मला काही कमीपणा वाटत नाही, उलट त्यामुळे ती अधिक जवळची वाटते. परंतु बाजार पडलेला होता आणि योग्य किंमत देणारा कोणी भेटत नव्हता. मग वडिलांची आणि गड्यांची मदत घेत तिने गुरे सांभाळली, खाणींना माल पुरवला, हिशेब ठेवले आणि वाट पाहत असतानाच आजूबाजूची जमीन व पाण्याचे हक्क विकत घेत राहिली. १८९० पर्यंत ती लिंकन काउंटीतील, म्हणजे त्या जिल्ह्यातील, सर्वांत मोठी जमीनधारक झाली होती. सोडून जाण्याची इच्छा असलेल्या माणसाने जमीन वाढवत जावे हा विरोधाभास एका विद्यार्थ्याने बरोबर पकडला. माझे उत्तर असे की तिला रेल्वे येणार हे दिसत होते. कोरड्या प्रदेशातून जाणाऱ्या वाफेच्या इंजिनाला पाणी घ्यावेच लागते आणि पाणी तिच्याकडे होते.

मुलांच्या शिक्षणासाठी तिने जेम्स मेगॅरिगल या सुशिक्षित गृहस्थाला मळ्यावर ठेवून घेतले. शाळा नव्हती, तेव्हा शिक्षकच घरी आणला. त्याच्या मृत्यूनंतर त्याला मळ्यावरच्या कुटुंबाच्या दफनभूमीत जागा मिळाली. त्याच दफनभूमीत १८९९ मध्ये धाकटा आर्चिबाल्ड गेला. तो चौदा वर्षांचा होता आणि रानटी घोड्यांच्या मागे जाताना घोड्यावरून पडला. ज्या वेळी तो पोटात होता त्या वेळी बापाला जिथे पुरले, तिथेच त्याला पुरले.

२ ऑगस्ट

नववा फलक लहान आहे. १८९३ मध्ये मळ्यावर टपाल कचेरी सुरू झाली आणि हेलन पहिली पोस्टमास्तर झाली. न्यू मेक्सिकोतील त्याच नावाच्या गावाशी घोटाळा होऊ नये म्हणून कचेरीचे नाव ‘लॉस व्हेगास’ असे लिहिले जाई आणि १९०३ पर्यंत ते तसेच राहिले. मुद्रितशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याने ही चूक समजून दुरुस्त केली होती; ती पुन्हा पूर्ववत केली.

१७ ऑगस्ट

आज शीर्षकावरून मोठी चर्चा झाली. ‘वाळवंटातील आद्य रहिवासी’ असे तात्पुरते शीर्षक होते. ते काढून टाकावे असे मी सुचवले आणि सर्वांना पटले. आद्य रहिवासी पायूट होते. ते स्वतःला नुवुवी म्हणतात. झरा त्यांच्या फिरतीच्या वाटेवर होता, मेस्किटच्या शेंगा आणि डोंगरातील चिलगोज्यासारख्या बिया हे त्यांचे अन्न होते आणि गॅस, स्ट्युअर्ट यांच्यासारख्या मालकांनी पाणी कागदावर आपल्या नावे केल्यानंतर त्यांच्यापैकी अनेकांना त्याच मळ्यावर मजुरी करावी लागली. हेलनच्या घरातही पायूट स्त्रिया काम करत होत्या. आसपास तिच्या समाजातल्या बायका जवळजवळ नव्हत्या, त्यामुळे वर्षानुवर्षे तिला स्त्रियांची सोबत मिळाली ती याच बायकांची.

दहाव्या फलकावर टोपल्या आहेत. पायूट स्त्रिया विलो या झाडाच्या कोवळ्या फांद्या सोलून, चिरून टोपल्या विणत. धान्य पाखडायची पसरट सुपे, तान्ह्या मुलाला पाठीवर बांधायचे पाळणे आणि चिलगोज्याच्या जातीच्या पाइनच्या राळेने आतून-बाहेरून लिंपलेली पाण्याची भांडी, ज्यांतून थेंबही गळत नसे. हेलनने अशा टोपल्यांचा मोठा संग्रह केला आणि त्या विणणाऱ्यांच्या कथाही समजून घेतल्या. तिचे कौतुक करताना एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना सोडू दिली नाही: संग्रह तिच्या नावाने ओळखला जातो, विणणाऱ्या बायकांची नावे मात्र क्वचितच लिहून ठेवली गेली. १९११ मध्ये तिने दहा एकर जमीन पायूट वसाहतीसाठी संघराज्य सरकारकडे हस्तांतरित केली आणि त्या जागी आजही लास व्हेगास पायूट जमातीची वसाहत आहे. एवढ्याने हिशेब पुरा होतो असे मला वाटत नाही, पण दहा एकर देणारी ती होती हेही लिहिले पाहिजे.

३० ऑगस्ट

अकरावा फलक विक्रीचा. १९०२ मध्ये मोन्टानाचे सिनेटर आणि तांब्याच्या खाणींचे मालक विल्यम क्लार्क यांच्या रेल्वेने मळा ५५,००० डॉलरला घेतला. जमीन सुमारे १८०० एकर होती आणि तिच्याबरोबर पाण्याचे हक्क गेले. तिने दफनभूमीची चार एकर जागा मात्र विक्रीतून वगळली. वीस वर्षांनी गिऱ्हाईक मिळाले तेव्हा तिने सर्व विकले, पण पुरलेली माणसे विकली नाहीत.

विक्रीपूर्वी मोजणीसाठी तिने जे. टी. मॅक्विल्यम्स या सर्व्हेअरला नेमले होते. मोजताना त्याला ऐंशी एकर जागा कोणाच्याच नावावर नसल्याचे दिसले. ती त्याने स्वतः घेतली आणि तेथे आपले वेगळे गाव पाडले. मोजणीला आलेला माणूसच बांधालगतची जमीन घेऊन बसला, हे ऐकून मागच्या बाकावरून जे उद्गार आले ते येथे लिहीत नाही. १५ मे १९०५ रोजी रेल्वेने आपल्या जागेतील भूखंडांचा लिलाव सुरू केला आणि दोन दिवसांत सुमारे २,६५,००० डॉलर जमा केले. आज जगाला माहीत असलेले शहर त्या लिलावातून उभे राहिले.

हेलन निघून गेली नाही. सोडून जाण्याची मुभा मिळाल्यावर ती तेथेच घर करून राहिली, १९०३ मध्ये तिने मळ्यावर काम केलेल्या फ्रँक स्ट्युअर्टशी लग्न केले, नव्या शहराच्या शाळेच्या आणि स्त्रियांच्या मंडळाच्या कामात भाग घेतला आणि ६ मार्च १९२६ रोजी तिचा मृत्यू झाला. सहाव्या फलकाइतकीच जागा या फलकाला द्यावी, असे मी सांगितले आहे.

१४ सप्टेंबर

प्रतिकृती पूर्ण झाली. ओढ्यासाठी पत्र्याची अरुंद पन्हाळ बसवून त्यात छोट्या पंपाने पाणी फिरवले आहे. पहिल्या दिवशी सांध्यातून पाणी झिरपून कडेच्या दोन विटा विरघळल्या. तेथे मेण भरून सांधा बंद केला. बाराव्या फलकावर झऱ्यांचा शेवट आहे. शहराने जमिनीखालचे पाणी इतके उपसले की १९६२ मध्ये झरे वर येणे थांबले. आमच्याकडे सहाशे-सातशे फूट बोअर घेऊनही धूळच निघालेल्या शेतकऱ्यांची मुले या वर्गात असल्याने हा फलक कोणाला समजावून द्यावा लागला नाही.

मातीच्या विटा दुरुस्त करून देणाऱ्या आजींना आज प्रदर्शन आधी दाखवले. नातवाने एकेक फलक वाचून दाखवला. दारे नसलेल्या चौकटींपाशी त्या थांबल्या आणि बोटाने चौकटीच्या कडेची माती चाचपून पाहिली. सर्व ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, “हिचं म्हायेर कुठं? पोरं घिऊन म्हायेरला का गेली न्हाई?” नातवाने सॅक्रामेंटोचे नाव सांगितले, तेव्हा त्या नकाशावर ते शोधू लागल्या. ते तेथे नव्हते. आम्ही नकाशात पिओच दाखवले होते, एल डोराडो कॅन्यन दाखवले होते, रेल्वेचा मार्ग आणि काइलचा मळाही दाखवला होता. बाईचे माहेर दाखवायचे राहून गेले होते.

नकाशा पुन्हा काढावा लागेल, कारण सॅक्रामेंटो आजच्या रस्त्याने सुमारे नऊशे किलोमीटर दूर, सिएरा नेवाडाच्या पलीकडे आहे आणि सध्याच्या कागदावर ते बसत नाही. मंगळवारी मोठा कागद आणायचा असून रेखाटनाचे काम त्याच नातवाकडे दिले आहे.